तंजावरचा दुसरा पावसाळा

आश्विन सरत आला की महाराष्ट्रातील घराघरांतून छत्र्या वाळवून माळ्यावर टाकल्या जातात. हस्ताचा पाऊस होऊन गेलेला असतो, चित्रा-स्वातीच्या तुरळक सरी अंगावर घेत सोलापूरकडील शेतकरी ज्वारीची पेरणी उरकीत असतो, आणि कोजागरीच्या धुतल्यासारख्या चांदण्यात आपण मनाशी म्हणतो, की यंदाचा पावसाळा सरला. नेमक्या याच दिवसांत तंजावरला छत्र्या माळ्यावरून खाली येतात. तेथील खरा पावसाळा आता कोठे सुरू व्हावयाचा असतो.

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तेथे आपले राज्य मांडले, आणि १८५५ पर्यंत भोसले कुळाचे नाव त्या गादीशी निगडित राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद, सरफोजीराजांची विद्याव्यासंगी वृत्ती, या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण एका साध्या गोष्टीचा विचार आपण सहसा करीत नाही. मृगाची वाट पाहण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय घेऊन जी मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी गेली, त्यांना पंचांग तेच ठेवून पावसाचा हिशेब मात्र नव्याने शिकावा लागला असणार. मृग तेथे कोरडाच जातो, आणि दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या आधीच आभाळ अंगण भिजवून जाते. तामिळनाडूत दिवाळीचे फटाके आदल्या दिवशी उन्हात वाळवीत ठेवण्याची चिंता घरोघर असते. आपल्या मुलांना ती ठाऊक नाही.

असे का व्हावे? याचे अर्धे उत्तर आपल्या सह्याद्रीतच आहे. महाबळेश्वराला पावसाळ्यात साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस कोसळतो, आणि घाट उतरून वाईच्या पलीकडे माण-खटावाकडे जावे तो पाण्याच्या थेंबासाठी माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली दिसतात. नैऋत्येकडून आलेले वारे डोंगर चढताना आपले ओझे टाकून देतात आणि पलीकडे रिकाम्या हातांनी उतरतात. डोंगराच्या या आडोशाला भूगोलात पर्जन्यछाया म्हणतात. हीच छाया पुढे दक्षिणेत आणखी रुंद होते. कोडगूचे डोंगर, निलगिरी आणि अण्णामलै यांच्या ओळीमागे जवळजवळ सारा तामिळ देश जूनपासून सप्टेंबरपर्यंत या छायेत असतो. अधूनमधून संध्याकाळी ढग गडगडून एखादी जोराची सर येते, तीवर समाधान मानावे लागते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग बंगालच्या उपसागरात आहे. सूर्य दक्षिणेकडे सरकला की उत्तर भारताची भूमी निवू लागते, तेथे हवेचा दाब वाढतो, आणि कमी दाबाचा जो पट्टा पावसाळाभर गंगेच्या मैदानावर पसरलेला असतो तो हळूहळू उपसागराच्या दक्षिण भागात उतरतो. वारे आपली दिशा फिरवितात व ईशान्येकडून वाहू लागतात. कार्तिकात पुण्याला अंगावर शाल घ्यावयास लावणारा वारा आणि तंजावरला भिजविणारा वारा हे मुळात एकाच घराण्यातले. पुण्यास पोहोचणारा वारा जमिनीवरून आल्यामुळे कोरडा असतो. तंजावरास पोहोचणारा समुद्र ओलांडून येतो व वाटेत पाणी भरून घेतो. ईशान्य मोसमी पाऊस तो हाच. साधारणतः २० ऑक्टोबरच्या सुमारास तो तामिळ किनाऱ्यावर येतो आणि डिसेंबरअखेरपर्यंत राहतो. या तीन महिन्यांत तामिळनाडूत सरासरी सुमारे ४४० मिलिमीटर, म्हणजे वर्षाच्या एकूण पावसापैकी सुमारे ४८ टक्के पाऊस होतो. किनाऱ्यालगत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात जाते.

तामिळ पंचांगातील ऐप्पसी महिना हा आपल्या हिशेबाने सूर्याच्या तूळ राशीतील प्रवासाचा काळ, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा. ऐप्पसीच्या पावसाला तामिळमध्ये ‘अडै मळै’ म्हणतात. आपल्या झडीचाच तो भाऊ, दार लावून घरात बसविणारा. त्यापुढचा कार्तिगै महिना हा त्याचा जोर. कार्तिगैनंतर पाऊस नाही आणि कर्णानंतर दाता नाही, अशी तेथे एक म्हण आहे. हवामानशास्त्रज्ञ तिला पूर्ण मान्यता देणार नाहीत, कारण डिसेंबरच्या उत्तरार्धातही या भागात मोठे पाऊस झाले आहेत. पण शेतकऱ्याने वर्षाचा हिशेब मांडावयास ती पुरेशी आहे.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर तंजावर हे नुसते उशिरा पाऊस पडणारे गाव ठरले असते. त्याचे खरे वैशिष्ट्य असे, की ते दोन पावसांवर जगते. पहिला पाऊस त्याच्या अंगावर पडतच नाही. तो दूर कोडगूच्या डोंगरात, ब्रह्मगिरीच्या कुशीत तलकावेरीच्या आसपास पडतो. तेथे तो जूनपासून आपल्या कोकणासारखा धो धो कोसळतो, आणि त्याचे पाणी कावेरी व तिच्या उपनद्या म्हैसूरच्या पठारावरून खाली आणतात. वाटेत कृष्णराजसागर आहे, त्याखाली १९३४ साली पुरे झालेले मेट्टूरचे धरण आहे. मेट्टूरची पूर्ण पातळी १२० फूट, आणि साठवण सुमारे ९३.४७ अब्ज घनफूट. प्रथेप्रमाणे १२ जूनला त्याचे दरवाजे उघडतात. मग ते पाणी कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्याशी येते. चोळराजा करिकाल याचे नाव या बंधाऱ्याशी परंपरेने जोडलेले आहे, आणि एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटनसारखा स्थापत्यविशारद त्याची रचना पाहून थक्क झाला होता. कल्लणैपाशी कावेरी, वेण्णारू आणि १९३४ चा मोठा कालवा अशा वाटांनी पाणी शेतांकडे जाते, आणि जास्तीचे कोळ्ळिडम नदीने समुद्राकडे लावून दिले जाते.

म्हणजे मृगाचा पाऊस तंजावरला नाही हे खरे, पण मृगाचे पाणी तेथे पोहोचते. कोडगूत पाऊस चुकला तर पाचशे-सहाशे किलोमीटर दूर असलेल्या खाचरातील तरवा करपतो. १७ ऑक्टोबरच्या आसपास तूळ संक्रांतीला तलकावेरीच्या कुंडात तीर्थोद्भवाचा उत्सव होतो. डोंगरातील पाऊस तेव्हा ओसरत आलेला असतो. त्याच सुमारास खाली मयिलाडुतुरै येथे, म्हणजे पूर्वीच्या मायावरमला, कावेरीच्या घाटावर महिनाभराचे तुळास्नान सुरू होते, आणि समुद्रावरून दुसऱ्या पावसाचे ढग वर येऊ लागतात. नदीच्या एका टोकास पाऊस निरोप घेत असतो, आणि दुसऱ्या टोकास नवा पाऊस दारात उभा असतो. हा सांधा नीट जुळला तर तंजावरचे वर्ष चांगले जाते.

तो जुळतो की नाही हे भाताच्या पिकांकडे पाहिले म्हणजे कळते. जूनमध्ये मेट्टूरचे पाणी आले की कुरुवै हे सुमारे साडेतीन महिन्यांचे हळवे भात लावतात. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीस येते. ऑगस्टपासून सांबा हे पाच महिन्यांच्या आसपासचे गरवे भात सुरू होते, ते जानेवारीत, पोंगलच्या सुमारास कापतात. कुरुवैच्या कापणीनंतर त्याच खाचरात दुसरे भात लावले तर त्याला ताळडी म्हणतात. आता ऑक्टोबरचा तिसरा आठवडा डोळ्यांपुढे आणा. एका बांधाच्या अलीकडे कुरुवै कापून पडली आहे, खळ्यावर दाणे पसरले आहेत. पलीकडे सांब्याची नुकतीच लावणी झाली आहे आणि रोपांना पाणी हवे आहे. अलीकडच्या शेतकऱ्याला आठ दिवस ऊन हवे, पलीकडच्याला आठ दिवस पाऊस. पुष्कळदा हे दोन्ही शेतकरी म्हणजे एकच माणूस असतो.

भिजलेल्या दाण्याची अडचण नुसती कोंब फुटण्याची नाही. सरकारी खरेदी केंद्रावर धान्यातील ओलावा १७ टक्क्यांच्या आत असावा असा दंडक आहे. ऐप्पसीच्या हवेत दाणे रस्त्यावर पसरून, वर ताडपत्री ओढीत-काढीत वाळविले तरी तो आकडा खाली येत नाही. मग केंद्रापुढे पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि मर्यादा शिथिल करावी अशी मागणी होते. काही वर्षी ती मान्यही झाली आहे. एखाद्या आठवड्याच्या पावसाची किंमत घरातल्या कोणाच्या तरी शिक्षणाने किंवा लग्नाने मोजावी लागते, हे आपल्या कांदा आणि द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगावयास नको.

कावेरीच्या मुखाचा हा सारा प्रदेश ताटासारखा सपाट आहे. डोंगरातला पाऊस उतारावरून वाहून जातो. येथे पडलेला पाऊस खाचरात, चारीत, गल्लीत उभा राहतो, आणि समुद्राला भरती असली म्हणजे निचऱ्याचे ओढेही पाणी घेईनासे होतात. पाऊसही सलग पडत नाही. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते, ते किनाऱ्याकडे सरकते, तीन-चार दिवस मुसळधार होते, मग पुन्हा ऊन पडते. एखादे आवर्त आंध्राकडे किंवा त्याहून उत्तरेस वळले तर ते जाताना तामिळ किनाऱ्यावरची ओलही आपल्यामागे ओढून नेते, आणि भर नोव्हेंबरात तेथे कोरडे दिवस येतात. म्हणून सरासरी गाठली गेली, एवढ्यावरून त्या वर्षी पीक आले असे म्हणता येत नाही.

याचे एक विलक्षण उदाहरण मराठी श्रोत्यांना जवळचे वाटेल. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. सरफोजीराजांनी रामेश्वराच्या वाटेवर तेथे मुक्तांबेच्या नावे एक छत्र बांधले. यात्रेकरूंना अन्न, आसरा आणि आजाऱ्यांना औषध देणाऱ्या या छत्रांविषयी त्यांना इतकी आस्था होती, की १८०१ साली ती आपल्याच व्यवस्थेखाली राहावीत म्हणून त्यांनी इंग्रज रेसिडेंटास कळकळीचे पत्र लिहिले. या ओरत्तनाडूत नोव्हेंबर २००८ मध्ये, निशा नावाच्या चक्रीवादळात, चोवीस तासांत सुमारे ६६ सेंटिमीटर पाऊस झाला. तामिळनाडूच्या साऱ्या ईशान्य मोसमाची सरासरी ४४ सेंटिमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तो दिवस कसा असेल याची कल्पना येईल. आकडेवारीच्या दृष्टीने ते वर्ष भरघोस पावसाचे ठरते. उभ्या सांब्याच्या दृष्टीने ते बुडीत होते.

वादळांचा इतिहास या किनाऱ्यावर जुना आहे. शिडांच्या जहाजांच्या काळात ऑक्टोबर लागला की कप्तान हा किनारा सोडून जात, कारण येथे आडोशाचे बंदर नव्हते. १७४६ साली मद्रास जिंकून तेथेच रेंगाळलेल्या ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीचे आरमार ऑक्टोबरच्या मध्यास एका रात्रीच्या वादळाने मोडून टाकले. अलीकडच्या काळात १९५२, १९५५ आणि १९७७ या वर्षांच्या वादळांनी जुन्या तंजावर जिल्ह्यास तडाखे दिले. डिसेंबर १९६४ मध्ये तर खालच्या अंगाला धनुष्कोडीच समुद्राने नाहीशी केली. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे गजा चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडु या भागांतील नारळाच्या बागा आडव्या झाल्या. भात बुडाले तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. नारळाचे झाड पडले की फळ मिळावयास पुन्हा पाच-सात वर्षे थांबावे लागते. कोकणात निसर्ग वादळाने २०२० साली श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांचे जे केले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे दुःख कळेल.

आता अंदाजाविषयी. हवामान खात्याकडून ईशान्य मोसमाचा दीर्घ मुदतीचा अंदाज सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबर उजाडताना प्रसिद्ध होतो. तो दक्षिण द्वीपकल्पाच्या पाच विभागांसाठी मिळून असतो. तामिळनाडू, केरळ, किनारी आंध्र, रायलसीमा आणि दक्षिण कर्नाटकाचा अंतर्भाग हे ते विभाग. पाऊस सरासरीच्या ८८ ते ११२ टक्क्यांत असला तर तो सर्वसाधारण समजतात. या अंदाजामागे प्रशांत महासागराची एक मोठी खूण असते. तेथील पृष्ठजल तापले, म्हणजे ज्याला एल निनो म्हणतात ते आले, की आपल्या महाराष्ट्राच्या पोटात गोळा येतो, कारण नैऋत्य मोसम दुबळा होण्याचा संभव वाढतो. तंजावरला मात्र तीच वार्ता बहुधा शुभ ठरते, कारण एल निनोच्या वर्षी ईशान्य मोसम चांगला होण्याकडे कल असतो. २०१५ हे त्याचे ठळक उदाहरण. त्या वर्षी देशातील नैऋत्य मोसम सरासरीहून १४ टक्के उणा ठरला, मराठवाडा होरपळला, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तामिळनाडूत सरासरीच्या दीडपट पाऊस होऊन चेन्नई शहर पाण्याखाली गेले. परंतु हा नियम लोखंडी नाही. २०२१ साली उलट स्थिती, म्हणजे ला निना असूनही तामिळनाडूत दीडपटीहून अधिक पाऊस झाला. हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतील तापमानाचा फरक, आणि विषुववृत्तावरून पूर्वेकडे फिरत जाणाऱ्या ढगांच्या लाटा, यांचाही हात त्यात असतो. त्या लाटांचा वेध दोन-तीन आठवडे आधी घेता येतो, त्याहून फार आधी नाही.

तंजावरच्या शेतकऱ्याने केवळ ईशान्य मोसमाच्या टक्केवारीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्याने दोन आकडे एकत्र वाचावयास हवेत. ऑक्टोबरात मेट्टूरला पाणी किती फूट आहे हा एक, आणि उपसागराकडून काय अपेक्षा आहे हा दुसरा. मेट्टूर भरलेले असेल तर ईशान्य मोसम आठ-पंधरा दिवस लांबला तरी सांबा तग धरतो, किंबहुना कुरुवै उचलावयास तेवढी उसंत मिळते. मेट्टूर रिकामे असेल तर पहिली सर कोणत्या दिवशी येते यावर सारे अवलंबून राहते. २०१६ साली दोन्ही आकडे एकदम चुकले. डोंगरात पाऊस अपुरा झाला, मेट्टूरचे दरवाजे जूनऐवजी २० सप्टेंबरला उघडले, त्यामुळे कुरुवैचा प्रश्नच उरला नाही. मग लोकांनी ईशान्येकडे डोळे लावून सांबा पेरला, आणि त्या वर्षीचा ईशान्य मोसम सरासरीहून ६२ टक्के उणा ठरला. जानेवारी २०१७ मध्ये राज्यातील सर्वच जिल्हे दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. २०२३ साली दरवाजे १२ जूनला वेळेवर उघडले, पण डोंगराकडून पाणी आले नाही, आणि १० ऑक्टोबरला ते बंद करावे लागले. सांबा तेव्हा ऐन वाढीत होता. त्याच वर्षी डिसेंबरात तामिळनाडूच्या दक्षिण टोकाला कायल्पट्टिणम येथे एका दिवसात सुमारे ९५ सेंटिमीटर पाऊस झाला. तंजावरचे कोरडे शेत आणि ते बुडालेले गाव, दोन्हींची नोंद एकाच राज्याच्या एकाच मोसमाखाली झाली. कावेरीच्या पाण्याविषयी कर्नाटक आणि तामिळनाडू यांच्यात जो वाद दीर्घकाळ चालला, आणि १६ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कर्नाटकाने वर्षाकाठी १७७.२५ अब्ज घनफूट पाणी बिळिगुंडलू येथे सोडावे असे ठरले, त्या वादाच्या मुळाशी हाच सांधा आहे. न्यायालय वर्षाचा वाटा ठरवू शकते. पावसाची तारीख ठरविणे त्याच्या हाती नाही.

डोंगरांकडेही या दिवसांत लक्ष ठेवावे लागते, पण ते कोडगूचे नव्हे. ईशान्येचा वारा निलगिरीच्या पूर्व उतारावर आदळतो. म्हणून पश्चिमेकडील बाजू उघडीप भोगत असताना कुन्नूर आणि कोत्तगिरी यांना धुके, संततधार आणि दरडी यांचा त्रास होतो. मेट्टुपाळैयमहून कुन्नूरला चढणारी दात्यांची छोटी आगगाडी दरड कोसळल्यामुळे बंद राहते, ती बहुधा याच महिन्यांत. नोव्हेंबर २००९ मध्ये निलगिरीत दरडींखाली चाळीसहून अधिक माणसे दगावली. या उतारांवरचे पाणी भवानी नदीत येते, अण्णामलैकडचे अमरावतीत, आणि या दोन्ही नद्या कावेरीला मिळतात त्या मेट्टूरच्या खाली. तेव्हा मेट्टूरचे दरवाजे बंद करून हे पाणी अडविता येत नाही. खाली शेते आधीच तुडुंब भरलेली असताना ते येऊन ठेपते, आणि मग कोळ्ळिडमच्या रुंद पात्रावर सारी भिस्त राहते. कुन्नूरला दोन दिवस झड लागली आहे अशी बातमी आली म्हणजे तंजावरकडचे पाटबंधाऱ्याचे लोक रात्रीची झोप सोडतात, ती उगाच नव्हे.

गेल्या काही वर्षांत साधने वाढली आहेत. कारैकालला डॉप्लर रडार आहे, त्यामुळे किनाऱ्याजवळच्या ढगांचा प्रवास तासागणिक कळतो. बुडीत क्षेत्रासाठी सीआर १००९ सब १ या नावाचे सांब्याचे वाण आले आहे. त्यातील गुणामुळे रोप पाण्याखाली दोन आठवड्यांच्या आसपास तग धरते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटवे धरते. पण लोंबी भरल्यावर आडव्या पडलेल्या भाताला कोणतेही वाण उभे करू शकत नाही. फेब्रुवारी २०२३ च्या आरंभी, पावसाळा संपला असे समजून कापणीस काढलेल्या सांब्यावर श्रीलंकेकडून आलेल्या एका अवदाबाने पाऊस ओतला, तेव्हा हे पुन्हा दिसले.

एरवी जानेवारीत आभाळ निवळते. मार्गळीचे धुके सकाळी पाटांवर तरंगते, पोंगलला नव्या तांदळाचे भांडे उतू जाते, आणि २८ जानेवारीला, प्रथेप्रमाणे, मेट्टूरचे दरवाजे मिटतात. शेतकरी मात्र त्याआधीच, सांबा उभा असतानाच, कापणीच्या आठवडाभर अगोदर ओल्या खाचरात उडीद आणि मूग फेकून ठेवतो. भात कापून नेले की खालून हिरवे अंकुर उघडे पडतात. त्यांना पुढे पाटाचे पाणी नाही, पावसाचेही नाही. जमिनीत उरलेली ओल आणि रात्रीचे दहिवर यांवर ते पिकतात, रायगडच्या खाचरांत भातामागून वाल पिकतो तसे.